चुलीचं तोंड

अंबिका अकरा वर्षं लातूरच्या नाटकवाल्यांत राबत होती. दारं ठोकायची, कंदील शोधायचा, नाटकातल्या म्हातारीची काठी रंगवायची, सगळं तिच्याच हातचं. नाटकाच्या छापील कागदावर नाव मात्र दुसऱ्याचं. यंदा पहिल्यांदा ‘नेपथ्य : अंबिका’ असं छापून आलं. सासूला, साखराबाईला, धड वाचता येत नव्हतं, तरी तिनं कागद दोनदा उलटापालटा केला.

"नाव काय, कुणाचंबी छापतेत. मी तुझं काम बघायला येते."

नांदेडच्या स्पर्धेला निघायच्या दिवशी सकाळी शाळेच्या हॉलात शेवटची तालीम होती. नाटक एका बाईचं, तिचा सारा जन्म चुलीपुढं गेलेला. अंबिकेनं चूल थर्माकोलची केली होती, वरून माती लिंपलेली, आत लाल बल्ब. जाळ साऱ्यांना दिसावा म्हणून चुलीचं तोंड प्रेक्षकांकडं. चुलीमागं त्या बाईचं काम करणारी वर्षाराणी बसायची, तिचंही तोंड प्रेक्षकांकडं.

साखराबाई पहिल्या रांगेत बसली. वर्षाराणीनं तोंड उघडायच्या आत म्हातारी बोलली, "थांब गं. लाकूड कोण सारणार?"

"मीच की, आजी."

"तू चुलीच्या पाठीमागं, चुलीचं तोंड माझ्याकडं. मग तिकीट काढून आलेल्या माणसानं उठून लाकूड सारायचं व्हय?"

हॉलात हशा पिकला. अंबिकेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिचं माहेर उदगीरचं, घरात पहिल्यापासून गॅस. चूल तिनं फोटो बघून मांडली होती, आणि फोटो काढणारा चुलीच्या तोंडापुढंच उभा राहतो, हे कुणाच्या ध्यानात यावं?

दिग्दर्शक दयानंद सर म्हणाले, "आजी, नाटकात एवढं चालतं. जाळ दिसला पाहिजे."

"तुमच्यात चालत असंल. खोटंच दाखवायचं तर बायांना पटंल असं दाखवा."

अंबिका वर्षाराणीच्या जागी जाऊन बसली, लाकूड घेतलं आणि चुलीवरून वाकून तोंडात सारलं. पदर सरळ बल्बवर आला. खरा जाळ असता तर पदर गेलाच होता. ती उठली.

"सर, चूल फिरवते. तोंड वर्षाराणीकडं."

"मग लोकांना काय, चुलीचं ढुंगण दाखवायचं? बारा वाजता टेम्पो आहे, अंबिका. फसलं तर पुढच्या वर्षी नेपथ्य दुसऱ्याकडं. आत्ताच सांगून ठेवतो."

"फिरवते," अंबिका म्हणाली.

फिरवली, तर मागची बाजू पांढरी बोडकी. नाटकात जे दिसत नाही ते कोण कशाला रंगवतं? साखराबाईनं पदर खोचला. "माती कुठाय?" तिनं हातानं मागची बाजू लिंपली, अंबिकेनं बल्बची तार दुसरीकडून काढून घाईघाईत जोडली. टेम्पो हलताना म्हातारीनं घरून आणवलेली लोखंडी फुंकणी आत टाकली. "असू दे. चुलीपाशी असती ती."

दुसऱ्या दिवशी दुपारी नांदेडला पडदा उघडला. जाळ कुणालाच दिसत नव्हता. पण लाल उजेड वर्षाराणीच्या तोंडावर पडला होता आणि तिच्या कपाळावरची आठी न् आठी शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचत होती. विंगेत दयानंद सरांनी हाताची घडी सोडली.

अर्ध्या तासानं बल्ब गेला. तोंड अंधारलं. घाईत जोडलेली तार. आता अकरा वर्षांनी मिळालेलं नाव एका तारेवर. वर्षाराणी वाक्य बोलता बोलता थांबली. मग तिनं शांतपणे फुंकणी उचलली, वाकली आणि फुंकू लागली. एकदा, दोनदा. विंगेत अंबिका गुडघ्यावर बसून तारेचा जोड दाबत होती. तिसऱ्या फुंकीला उजेड आला.

"पेटली गं बाई!" प्रेक्षकांतून कुणीतरी बोललं, आणि टाळ्या पडल्या.

प्रयोग सुटल्यावर अंबिकेनं घरी सासूला फोन लावला.

"आत्याबाई, चूल मधीच विझली."

"मग?"

"वर्षाराणीनं फुंकली."

"मग पेटली असंल. त्यात फोन करायसारखं काय हाय?"

"सर म्हणाले, पुढच्या नाटकात पाण्याचा आड आहे. नेपथ्य माझ्याकडंच दिलंय."



"फोटो बघू नको," म्हातारी म्हणाली. "परत आलीस की गावाकडं जाऊ. आधी पाणी शेंदून बघ, मग आड बांध."