माझा चौथा पाय

मित्रांनो, मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे. पोटाला गोल काच, रंग मूळचा पांढरा, आता पिवळट. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या अंगावर 'हळू उचला' असं ठळक लिहिलेलं होतं. ते आजवर एकानेही वाचलेलं नाही.

सुरुवातीचे दिवस फार कौतुकाचे होते. शेजारणी येऊन काचेतून आत बघायच्या आणि "बाई गं, काय छान फिरतंय!" म्हणायच्या. आत बाबांचे बनियन फिरत असायचे, पण कौतुक ते कौतुक. आईने मला जमिनीपर्यंत झालर असलेलं कव्हर शिवलं. मी अगदी नवरीसारखी उभी असायचे.

मग घर बदललं. दोन हमालांनी मला जिन्यातून नेताना धप्पकन आपटलं आणि माझ्या चारपैकी एक रबरी पाय निखळून गडगडत गेला. कोणाचंच लक्ष नव्हतं. नव्या घरात स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत मला ठेवलं, वर झालर चढवली, आणि मी लंगडी झाले हे झालरीखाली झाकून गेलं.

त्यानंतर कपडे पिळायची वेळ आली की माझा तोल जायचा. थडथडत, उड्या मारत मी थेट स्वयंपाकघरात शिरायचे. माझी सांडपाण्याची नळी मोरीतून निसटायची आणि फेसाचं पाणी घरभर. बाबा म्हणाले, "हिला ही जागा मानवत नाही." आई म्हणाली, "मेकॅनिकला बोलवा." त्यावर बाबांचं उत्तर ऐका. "घरात बसायला माणसं असताना मेकॅनिक कशाला?"

झालं! तेव्हापासून या घरात मशीनवर बसायची पद्धत पडली. पिळायचा आवाज सुरू झाला की कोणीतरी धावत यायचं आणि माझ्या डोक्यावर बसायचं. त्यासाठी एक खास उशीसुद्धा होती. बाबा बसून पेपर वाचायचे. एकदा ते असे बसलेले असताना त्यांच्या साहेबांचा फोन आला, सुट्टीच्या दिवशी कामावर या म्हणून. बाबा म्हणाले, "स-स-साहेब, ये-ये-येतो." साहेब घाबरले. "अरे, थंडी वाजून ताप आलाय का? झोपून राहा!" त्या दिवसापासून साहेबांचा फोन वाजला की बाबा आधी माझं बटण दाबायचे.

खरं सांगू? डोक्यावर बसलेलं मला आवडायचं. यंत्राला कोण जवळ करतं हो? मला तर अख्खं घर आळीपाळीने मांडी घालून भेटायला यायचं.

आता त्या रविवारची गोष्ट. घरातली लेक, तिला सगळे चिमणी म्हणतात, चांगली दहावीला आहे. तिची जिवलग मैत्रीण टिटवी. हे नाव आवाजावरून पडलंय, मी पिळत असतानाही गॅलरीत ऐकू येतो. टिटवीच्या बाबांची बदली झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाव सोडून जाणार होती. तळ्यावर होडीत बसायचं हे दोघींचं लहानपणापासून ठरलेलं, आणि दर वेळी काही ना काही आडवं आलेलं. आता हा शेवटचा रविवार. संध्याकाळी होड्या बंद व्हायच्या आत पोचलं नाही, तर राहिलंच.

पण आई नर्स. रविवारीही ड्यूटी. निघताना बजावून गेली, "चादरी, युनिफॉर्म आणि पडदे. सगळं वाळत पडल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचं नाही." बाबांनी पंखे पुसायला शिडीवर चढून कमरेत उसण भरून घेतलेली. म्हणजे बसायला एकटी चिमणीच.

चादरी पार पडल्या. युनिफॉर्म आत गेले तेवढ्यात सायकली घेऊन टिटवी आणि लंबू हजर. लंबू म्हणजे तिसरी मैत्रीण, उंच आणि अबोल.

"अगं, अजून पारोशी?" टिटवी ओरडली.

"अजून पडदे राहिलेत गं," चिमणी अगदी रडकुंडीला आली होती.

"मग आम्हीपण बसतो. जास्त वजन, जास्त वेग!"

हे गणित टिटवीचं. वजनाने माझा वेग वाढत नाही, कंबर मोडते. पण ऐकतंय कोण! दोघी बसल्या, तिसरी त्यांच्या मांडीवर. मी पिळायला लागले आणि टिटवीने सुरू केलं, "स-स-साहेब, मा-मा-माझी बदली रद्द करा!" तिघी इतक्या हसल्या की धबाधब खाली पडल्या.

मी मोकळी सुटले आणि निघाले चालत! नळी निसटली, फेस स्वयंपाकघरात. टिटवी मला धरायला धावली, घसरली, तिच्या चपलेचा अंगठा तुटला आणि हातातली सायकलची किल्ली सटकून माझ्या झालरीखाली गेली.

"काय पडलं गं?" बाबा आतून विव्हळले.

"काही नाही बाबा, आम्हीच!"

फरशी पुसता पुसता ऊन भिंतीवरून उतरायला लागलं. मला इतकी लाज वाटली की बटण बंद करून अंग मिटून घ्यावंसं वाटलं. माझ्यापायी या पोरींची होडी बुडणार होती.

पुसून झाल्यावर टिटवी किल्लीसाठी पोटावर आडवी झाली आणि तिने झालर वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

"चिमणे, अगं, हिला तीनच पाय आहेत!"

बाबासुद्धा कंबर धरून आले, वाकायचा प्रयत्न केला, "आई गं!" म्हणून तसेच सरळ झाले. "म्हणजे इतकी वर्षं आपण…"

टिटवीने आपली तुटकी चप्पल उचलली. "नाहीतरी हिचा आता काय उपयोग?" असं म्हणून कात्रीने तिची जाड टाच कापली. चिमणीने आणि लंबूने मला कोपऱ्यातून उचललं, टिटवीने तुकडा खाली सरकवला. मग पडदे टाकले. पिळायची वेळ आली तेव्हा सगळे श्वास रोखून उभे. मी जीव तोडून फिरले, पण जागची हलले नाही. बाबा उशी हातात घेऊन तसेच उभे होते. "मग ही उशी आता ठेवायची कुठे?"

पडदे दोरीवर पडले आणि तिघी सुटल्या. टिटवीच्या पायात बाबांच्या चपला, त्याच होडीएवढ्या.

पोचल्या की नाही? मला कोण सांगणार! दिवेलागणीला चिमणीचे ओले कपडे माझ्या पोटात आले. तळ्याच्या पाण्याचा वास येत होता. खिशातून होडीच्या तिकिटाचा लगदा निघाला, तो माझ्या जाळीत अडकला. इतका आनंद मला नवी असतानाही झाला नव्हता.

टिटवी गेली. तिच्या चपलेची टाच माझ्याखाली आहे.

पुढच्या रविवारी मी पिळायला लागले. आता कोणी धावत येणार नाही हे मला ठाऊक होतं. मन जरा खट्टू झालं. तेवढ्यात चिमणी आली, उशी ठेवली आणि फोन कानाला लावून माझ्यावर बसली.

"अगं, आता बसायची गरज नाही," बाबा म्हणाले.

"माहितीये."

फोनमधून टिटवीचा आवाज मलाही ऐकू आला, "चिमणे, आवाज का असा? रडतेस का गं?"

"छे! म-म-मशीनवर बसलेय."

मित्रांनो, शपथेवर सांगते, मी तेव्हा तसूभरही हलत नव्हते.

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. "सरक जरा," म्हणत तेही शेजारी बसले. माझा पत्रा कुरकुरला, पण मी सहन केलं.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. तुमच्या घरातलं जुनं यंत्र थडथडायला लागलं, तर त्याला नावं ठेवण्याआधी एकदा वाकून खाली बघा. आणि सगळं दुरुस्त झाल्यावरही कोणी त्याच्यावर बसलेलं दिसलं, तर उगाच "उतर" म्हणू नका.