विहिरीचे वाटेकरी

अंगठ्याला हिरवी टिकली चिकटून बसली होती — कागदाची, वाटाण्याएवढी, मागे गोंद असलेली — ती सोडवायला जावं तर तर्जनीला चिकटायची, तर्जनीवरून काढावी तर पुन्हा अंगठ्यावर, आणि समोर टेबलभर पसरलेल्या पांढऱ्या कागदावर अजून खूप जागा होती, म्हणून शेवटी तिनं ती कासवाच्या नावानं कडेला डकवून टाकली. विहिरीत कासव होतंच. त्याचाही पाण्यावर हक्क आहे असं इथं शिकवत होते, आणि तिला ते मनापासून पटत होतं.

वर्ग पदव्युत्तर होता, नैसर्गिक संसाधनांच्या कारभाराचा — म्हणजे जंगल, नदी, कुरण, तळं यांतलं कुणी किती घ्यायचं आणि ते ठरवायचं कुणी, याचा. दादा त्याला ‘नदीनाल्यांची शाळा’ म्हणायचा. चाळिशीला टेकलेली बहीण जमीनमोजणीच्या ऑफिसातून रजा काढून पुन्हा बाकावर जाऊन बसते, यावर चिडवण्याशिवाय दुसरं काय करणार बिचारा! पण हल्ली त्याचा सूर बदलला होता. बाबा गेल्यावर जमीन दोघा भावांत वाटायचं ठरलं, बांध कुठून जाणार तेही ठरलं, आणि गाडी अडली ती विहिरीपाशी. विहीर काही मधोमध कापून देता येत नाही. दादा म्हणत होता, ज्याचं शेत मोठं त्याला पाणी जास्त. धाकटा म्हणत होता, निम्मं निम्मं, उगाच फाटे नकोत. मग दोघांनी, एकमेकांना न सांगता, तिलाच फोन केला. तू सांगशील ते… तू हेच शिकतेस ना?

काय सुखावली होती ती! घरात तिचा शब्द असा कुणी मागितलाच नव्हता कधी. आज संध्याकाळी दोघं एकत्र बसून फोन करणार होते आणि ती निवाडा देणार होती. निवाडा तयारही होता — पाळ्या लावायच्या, उन्हाळ्यात पाळी लहान करायची, पिण्याचं पाणी पाळीच्या बाहेर ठेवायचं — आणि त्याच नादात, मॅडमनी वर्गात सामाईक वापराची एखादी ओळखीची गोष्ट घ्यायला सांगितल्यावर तिनं घरचीच विहीर घेतली. विहिरीवर ज्यांचं काही अवलंबून आहे त्या सगळ्यांना टिकल्या लावायच्या; ज्याचा शब्द चालतो त्याला मोठी, ज्याचा चालत नाही त्याला लहान. दादाला मोठी, धाकट्यालाही मोठी. दोघी भावजयांना मध्यम — थोरल्या वहिनीच्या टिकलीपाशी तिचा हात जरा घुटमळला, खरं तर तीच सगळ्यांत मोठी हवी होती. शेतावरचा गडी. पलीकडची म्हातारी, जी पिण्याचं पाणी इथूनच नेते. गुरं. खंड्या पक्षी, कासव. ती मागे सरून बघत राहिली. काम नीटस झालं होतं.

शेजारच्या टेबलावरचा वकील आला. वकिली सोडून आलेला, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. सवय मात्र सुटली नव्हती, साधा चहा घ्यायचा का हेसुद्धा उलटतपासणी घेतल्यासारखं विचारायचा.

“ताई, ही विहीर मुळात कुणाची?”

“बाबांची.”

“त्यांना मुलं किती?”

“तीन. दोन भाऊ आणि मी.”

तो कागदावर वाकला. बराच वेळ बोट फिरवत राहिला. “कासव सापडलं,” तो म्हणाला. “तुम्ही कुठं आहात?”

टेबलाभोवतीचे सगळे हसले. तीच सगळ्यांत जास्त हसली. “अहो, मी कशाला? मी तर नकाशा काढतेय!” आणि हे म्हणता म्हणता तिची नजर पुन्हा कागदावर गेली. मॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं. “घरी न्या,” त्या म्हणाल्या, “सावकाश पुन्हा काढा.” बस, एवढंच.

गुंडाळलेला कागद काखेत धरून ती खोलीकडे निघाली. रस्ता रोजचाच — टायरवाला, इस्त्रीवाली, वरच्या गॅलरीत कुंड्यांना पाणी घालणारी बाई आणि खाली तिच्या नावानं बोटं मोडणारा न्हावी. राग आला आहे का? तिनं मनात चाचपून पाहिलं. भावांचा? त्यांनी तिला मुद्दाम वगळलं असतं तर रागावता तरी आलं असतं, पण त्यांच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. आणि तिच्या तरी कुठं आलं होतं? वर्षभर ती दुसऱ्यांच्या गावांबद्दल वाचत होती, अमक्या कुरणावर बायकांचा हक्क धरला नाही म्हणून समासात तावातावानं टिपणं काढत होती… आणि घरच्या कागदावर खंड्याला जागा देऊन मोकळी!

विहीर म्हटलं की तिला आठवायची ती पाणी आटलेली. त्या वर्षी गाळ काढायचा होता. दादा अंगानं आडवा, धाकटा भित्रा, म्हणून बाबांनी कमरेला दोर बांधून तिलाच खाली सोडलं होतं. तळाशी काळोख, चिखलाचा वास, वर बशीएवढं आकाश, आणि पाटीमागून पाटी वर जात असताना एकदम पायाच्या बोटांमधून काहीतरी थंड सरकलं. साप, असं वाटून ती ओरडली. साप नव्हता… झरा होता. बाबा वरून विचारत होते, लागलं का गं काही? आणि मी खाली उभी राहून नुसती हसत होते, पाऊल उचलत नव्हते, उचललं तर तो पुन्हा बुजेल असं मला वाटत होतं. त्या पाण्यात आपला वाटा आहे की नाही हा प्रश्नच तेव्हा नव्हता. ते पाणी आमचं होतं. तसं वाटायचं कधी थांबलं, ते मात्र तिला आठवेना.

खोलीत आल्यावर तिनं चहा टाकला आणि तो उतू जाईपर्यंत बघत राहिली. मागच्या फोनवर थोरली वहिनी किती प्रेमानं म्हणाली होती — तुम्हीच सांगा वन्सं, तिऱ्हाइतानं सांगितलेलं बरं असतं, दोघांनाही पटतं. तेव्हा ते कौतुक वाटलं होतं. अजूनही ते कौतुकच होतं, वहिनीच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. वाईट वाटत होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ती गोष्ट ओट्यावर सांडलेला चहा पुसताना तिला स्पष्ट दिसली. तो मान मला फार आवडला होता. दोघांच्या वर बसून निवाडा द्यायचा, दोघांनीही माना डोलवायच्या… त्यासाठी मी स्वतःच उठून बाहेर जाऊन बसले होते. कुणी हात धरून काढलं नव्हतं.

पाणी घेऊन ती करणार काय होती? इथं या खोलीत नळ होता. तिला शेत करायचं नव्हतं, भावांच्या तोंडचा घास काढायचा नव्हता. पण हे सगळं म्हणायची पाळी आधी तिच्यावर यायला हवी होती — हवं की नको, हे तिला कुणीतरी विचारायला हवं होतं. आणि एकदा हे बोलून दाखवलं की मग निवाडा संपला. मग ती लाडकी, शहाणी, कुणाच्याच बाजूची नसलेली बहीण राहणार नव्हती. ‘शिकून आली आणि वाटा मागायला लागली.’ हे वाक्य नेमकं कुणाच्या आवाजात येईल तेही तिला ऐकू येत होतं.

फोन वाजला.

“हां, सांग बाई,” दादा म्हणाला. “आम्ही दोघं बसलोय. वहिनीपण आहे तुझी.”

“ताई, लवकर सांग,” मागून धाकटा, “हा सकाळपासून माझ्याशी गोड बोलतोय, मला भीती वाटायला लागलीय.”

ती हसली. पाळ्यांचं सगळं जिभेवर होतं, एका दमात सांगून टाकता आलं असतं, आणि रात्री सगळे सुखानं जेवले असते.

“दादा, सांगते,” ती म्हणाली. “पण त्याआधी… एक जण धरायचा राहिलाय.”

“कोण? पलीकडची म्हातारी? तिला कोण नाही म्हणतंय!”

“म्हातारी नाही.”

“मग गडी का?” धाकट्यानं विचारलं. “त्याला मी माझ्यातून देईन.”

“तोही नाही.”

“मग कोण गं?” दादाच्या आवाजात खरोखरचं कोडं होतं, लबाडी नव्हती, आणि त्या आवाजानं तिला भरून आलं. सांगावं का? पलीकडे इतका वेळ वाजत असलेली भांडी एकाएकी थांबली. वहिनीला कळलं होतं. आता वहिनी बोलेल किंवा बोलणार नाही, दादाला उमगेल किंवा तो हसण्यावारी नेईल, आणि त्यातलं काहीही झालं तरी कालच्या जागी परत जाता येणार नव्हतं. तिला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. पण ‘काही नाही, असंच म्हटलं’ हे वाक्य, जे आजवर दर वेळी आपसूक यायचं, ते आज तिनं येऊ दिलं नाही. फोन कानाशी धरून ती खुर्चीत नीट टेकून बसली. विचार करू दे त्यांना, मी थांबते.