ताण सोसलेली मोसंबी

मित्रांनो, या घरच्या जावईबापूंची खोड आधी सांगते. तहान असो नसो, समोर दिसेल त्याला पाणी पाजत सुटायचं. दारातल्या मांजराचीही सुटका नव्हती! याला का माया म्हणायची?

मी एक जुनी मोसंबी आहे. शाळा म्हणाल तर कुंपणापलीकडची, तीही घंटेपुरती ऐकलेली. पण या बागेतली तीनशे झाडं माझ्याच फांद्यांच्या डोळ्यांची कलमं बांधून वाढली आहेत, तेव्हा चार शब्द बोलायचा मला हक्क आहे.

म्हाताऱ्या बागवानानं मला लावलं, आळं केलं, खोडाला चुना फासला. वर्षातून एकदा महिनाभर तो माझं पाणी तोडी. पानं मलूल झाली की म्हणे, "सोस गं बाई. ताण बसल्याशिवाय बहार धरत नाही." मग पाणी सोडलं की मी अशी फुलायची, की मधमाश्यांना रांग लावावी लागे!

बागवान गेला. बाग त्याच्या लेकीकडे आली आणि पाण्याची नळी जावईबापूंच्या हाती. ते रोज संध्याकाळी मला भिजवत. मी पानांनी गच्च झाले, पण दोन वर्षं फूल म्हणून नाही. लोक मला वांझ म्हणू लागले. मला!

"यंदा फुलली नाही तर करवत," लेकीनं बजावलं आणि पाणी तोडलं.

पंधराव्या दिवशी जावईबापू बादली घेऊन चोरपावलांनी आले. लेक माझ्या मागेच उभी.

"अहो, हे काय?"

"बघवत नाही गं. कशी मान टाकलीय बिचारीनं!"

"मग बघू नका. या एका बादलीनं पंधरा दिवस वाया जातील. करवत मग तुम्हीच धरा."

त्यांनी बादली वाटेवर रिती केली. पुढे रोज येत, हात पाठीमागे बांधून दूर उभे राहत. मला पाहून त्यांचाच घसा कोरडा पडे.

महिना भरला. लेकीनं आळं मोकळं केलं, शेणखत घातलं, पाणी सोडलं. तीन आठवड्यांत माझं पान दिसेना, इतकी फुलं! नंतर फळांनी फांद्या भुईला टेकल्या. करवत निघाली खरी, पण टेकूचे बांबू कापायला!

मित्रांनो, जीव जरूर लावा. पण ज्याला लावता त्याला काय हवं, ते आधी पाहा.

पहिलं फळ तोडायला जावईबापू आले, तेव्हा त्यांच्या खांद्यावर फांदी टेकवून मी साऱ्या बागेदेखत म्हणाले, "जावईबापू, पाणी पाजायला कुणालाही येतं. तुम्ही हात बांधून उभे राहिलात, तेव्हा कुठे बागवान झालात."