काबऱ्याने गुरगुरणे सोडले

मी एक म्हातारा कुत्रा आहे, मित्रांनो. लोणी देवकरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका चहाच्या टपरीमागे मी राहतो. इथे मला कोणी नावाने हाक मारत नाही. पण एके काळी माझे नाव काबऱ्या होते. ज्या घराने ते ठेवले, त्या घरातून मी बाहेर कसा पडलो, ते तुम्हाला सांगावेसे वाटते.

माझा जन्म शेळगावच्या एका वस्तीवर कडब्याच्या गंजीखाली झाला. घरात दत्तोबाआबा होते. तरुणपणी ते मेंढरांमागे रानोमाळ फिरलेले. पुढे कळप गेला आणि त्यांनी ऊस लावला. त्यांचा मुलगा कुंडलिक लोणी देवकरला एका कारखान्यात कामाला जाई. त्याची बायको सारजा आणि आठ वर्षांची मुलगी सृष्टी, एवढेच आमचे घर.

मी पिल्लू असताना सगळ्यांच्या अंगावर उड्या मारायचो. सृष्टी खिदळायची. कुंडलिक सुट्टीच्या दिवशी छातीवर थाप मारून म्हणायचा, "ये काबऱ्या, मार उडी!" मी उडी मारली की मला बिस्कीट मिळे. कामाच्या दिवशी मात्र त्याच उडीबद्दल लाथ बसायची, कारण त्याचा धुतलेला शर्ट खराब होई. सुट्टीचा दिवस कोणता आणि कामाचा कोणता, हे कुत्र्याला कसे कळणार? मी उडी मारतच राहिलो.

आबा एकदा म्हणाले, "कुंडलिका, त्येनं उडी मारली की त्येच्याकडं बघू बी नगं. पाठ कर. चारी पाय भुईला टेकलं की मग हात लाव. आठ दिसात सोडंल."

"आबा, मेंढरांचं दिस गेलं आता," कुंडलिक हसून म्हणाला. "लहान हाय त्ये. मोठं झालं की कळंल त्येला."

मी मोठा झालो. कळले काहीच नाही, फक्त वजन वाढले.

शेजारच्या वस्तीवरची ठमाबाई रोज सकाळी आमच्याकडे ताकाला यायची. सत्तरी ओलांडलेली, पाठीत वाकलेली म्हातारी. पदराच्या टोकाला माझ्यासाठी भाकरीचा तुकडा बांधून आणायची. मला तिचा फार लळा होता. एका सकाळी ती अंगणात आली आणि मी आनंदाने धावत जाऊन दोन्ही पाय तिच्या छातीवर टाकले. ती मागे दगडी पायरीवर पडली. ताकाचा तांब्या घरंगळत गोठ्यापर्यंत गेला. मला तो खेळच वाटला. मी तिचे तोंड चाटत होतो आणि ती ओरडत होती, "सारजे, उचल गं मला, उचल!"

तिचा खुबा मोडला होता. बारामतीला नेऊन शस्त्रक्रिया केली, पण ती पुन्हा चालली नाही. आमच्या अंगणात तर कधीच आली नाही.

त्या दिवशी संध्याकाळी कुंडलिक कामावरून आला. मी दावणीपाशी झोपलो होतो, सकाळचे सगळे विसरून. त्याने ठिबकची नळी उचलली आणि मला मारायला सुरुवात केली. का मारतो, ते मला समजेना. मला एवढेच समजले, की हा माणूस जवळ आला की दुखते.

त्यानंतर तो जवळ आला की मी गुरगुरू लागलो. मित्रांनो, ते भांडण नव्हते. मला भीती वाटते, जरा लांब थांब, एवढेच मी सांगत होतो.

"मालकावर गुरगुरतोस व्हय रं?" म्हणत त्याने नळी नाकावर मारली. आबा पायरीवरून उठले. "आरं, त्ये सांगतंय तुला! सांगायचं बंद केलं तर मग आपल्याला कळायचं कसं?"

"कुत्र्याचं ऐकून घ्यायचं का आता आमी?" कुंडलिक म्हणाला. आबा पुन्हा खाली बसले. तेही थकले होते.

प्रत्येक गुरगुरण्याला एक फटका. दोन महिन्यांत मी गुरगुरणे सोडले. सगळ्यांना वाटले, काबऱ्या सुधारला. कुंडलिक पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा, "आता आवाज न्हाय काढत."

दिवाळीनंतर माझ्या कानात कुसळ गेले. आत पू झाला, डोके ठणकू लागले. सृष्टीच्या ते लक्षात आले. ती माझ्यासमोर बसली, "बघू, बघू," म्हणत तिने कान धरला. कळ थेट मस्तकात गेली. पूर्वीचा मी असतो तर गुरगुरलो असतो आणि ती मागे सरली असती. मी आवाज काढला नाही. मी चावलो. तिच्या गालावर, डोळ्याच्या अगदी खाली.

रक्ताने फ्रॉक भिजला. सारजाने तिला उचलले. दवाखान्यात नेतानाही सृष्टी रडत सांगत होती, "पप्पा, मारू नका त्याला, त्याच्या कानात कायतरी गेलंय!" कोणी ऐकले नाही. तिच्या गालाला अकरा टाके पडले, शिवाय कुत्रा चावल्यावरच्या सुया.

दुसऱ्या दिवशी कुंडलिकने मला टेम्पोत घातले आणि कामावर जाताना इथे उतरवले. गाडी निघाल्यावर मी तिच्यामागे बराच पळालो. कान अजून दुखत होता.

पाच वर्षे झाली. कुंडलिक रोज याच रस्त्याने जातो. कधी माझ्याकडे बघत नसे. गेल्या महिन्यात मात्र तो टपरीवर थांबला. त्याने डोक्याचे मुंडण केले होते. माझ्यासमोर उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "काबऱ्या, आबा गेलं रं." मग हात पुढे करून म्हणाला, "ये."

मला जायचे होते. पण हात जवळ आला तसे माझे ओठ आपोआप मागे ओढले गेले. घशातून आवाज मात्र आला नाही. मला त्याच्या हाताची भीती वाटली, आणि त्याहून जास्त माझ्या दातांची. मी वळलो आणि टपरीमागे निघून गेलो. तो बराच वेळ तिथेच बसून होता.

मित्रांनो, तुमच्या घरी पिल्लू आले आणि त्याने अंगावर उडी मारली, तर हसू नका, ओरडूही नका. पाठ फिरवा आणि ते शांत झाले की जवळ घ्या. चुकले तर त्याच क्षणी थांबवा. संध्याकाळी मारून त्याला काही कळत नाही. पण ते गुरगुरले, तर तिथेच थांबा. त्याला मारू नका. मागे सरा, आणि त्याला कुठे दुखते ते मोठ्या माणसांना बघायला सांगा. चावण्याआधी सांगण्यासाठी आमच्याजवळ तेवढा एकच आवाज असतो.