बॉस नावाचं खातं

एका मोठ्या इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात अठरा वर्षं काढलेल्या माणसाला वहिनीच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम टाकायला किती वेळ लागावा? "दहा मिनिटं," असं तो स्वतःच फोनवर म्हणाला होता. आता दीड तास झाला होता. तिसरा चहा निवत होता.

वहिनी गणवेशांवर नावं आणि चिन्हं भरून देत असे. नवं भरतकामाचं मशीन कालच आलं होतं, पण त्याचा प्रोग्राम कॉम्प्युटरवर चढल्याशिवाय ते एक टाकाही घालणार नव्हतं. आणि तीस बॅज उद्या सकाळी द्यायचे होते.

त्याने फाइल दोनदा नव्याने उतरवली. तिची जागा बदलली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. इस्पितळातल्या नर्सना तो हेच सांगायचा, आणि ते ऐकून त्या का उसासे टाकतात हे त्याला आज कळलं. दरवेळी तीच चौकट हजर: परवानगी नाही, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.

"कुठल्या गाढवाने बसवलाय हा कॉम्प्युटर? साध्या साध्या गोष्टींना कुलपं ठोकलीत!" तो करवादला.

वहिनी कापडाला कॅनव्हास लावत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, तुम्हीच बसवलात की. तीन वर्षांपूर्वी."

त्याने घसा खाकरला. चहा प्यायला. तो गार होता, पण तोंड लपवायला कप बरा पडला.

मग त्याला सगळं आठवलं. वहिनी काहीतरी उडवून ठेवेल या धास्तीने त्याने तिला साधं खातं दिलं होतं, आणि सगळे अधिकार स्वतःच्या खात्याकडे ठेवले होते. त्या खात्याचं नाव त्याने ठेवलं होतं 'बॉस'.

"ते तुमचं होय?" वहिनी म्हणाली. "मला वाटायचं, कंपनीचं असेल. मी कधी हात लावला नाही."

'बॉस'वर टिचकी मारली, तर पासवर्ड आठवेना. मुलीची जन्मतारीख चालेना, गाडीचा नंबर चालेना. दोन चुका झाल्यावर खाली एक ओळ उमटली. विसरलोच तर आठवण व्हावी म्हणून त्यानेच ती लिहून ठेवली होती. त्याने पडद्यापुढे हात धरला, पण उशीर झाला होता.

"वहिनींनी काय करू नये?" वहिनीने मोठ्याने वाचलं.

जमीन दुभंगली असती तर तो खुर्चीसकट आत गेला असता.

"'हात लावू नये' टाकून बघा," ती शांतपणे म्हणाली. "त्या दिवशी निघताना चारदा बजावलं होतंत."

त्याने टाकलं. खातं उघडलं.

"वहिनी, चुकलंच माझं."

"चुकलंच," ती म्हणाली. "आता पुढचं करा."

त्याने आधी तिच्या खात्याला सगळे अधिकार दिले आणि मग प्रोग्राम टाकला. या खेपेला तो चार मिनिटांत चढला. वहिनी आपल्या खात्यातून नक्षी साठवायला गेली, तर पुन्हा परवानगी नाही! नक्ष्यांचं फोल्डर 'बॉस'च्याच मालकीचं झालं होतं.

"थांबा, सगळं काढून परत टाकतो," असं म्हणत तो बाह्या सरसावू लागला.

पण वहिनी मघापासून त्याच्या खांद्यावरून बघत होती. तिने फोल्डरवर उजवी टिचकी मारली, सुरक्षेचं पान उघडलं, स्वतःचं नाव शोधलं आणि समोरच्या चौकटीत खूण केली. नक्षी साठवली गेली. मशीन खडखडून सुरू झालं.

इस्पितळात याच कामासाठी लोक त्याच्याकडे अर्ज करायचे, आणि तो ते दोन-दोन दिवस रखडवायचा.

"मी काय करू आता?" त्याने विचारलं.

वहिनीने त्याच्या हातात बारीक कात्री दिली. "बॅजच्या मागचे दोरे कापा. पुढून नाही हं, मागून."

एकोणतीस बॅज त्याने नीट कापले. तिसाव्याचा टाकाच उडवला आणि, हे विशेष, लगेच कबूल केलं.