धारगळच्या चढावर पांढरा धूर

धारगळचा चढ लागला आणि मागच्या काचेतून रस्ता दिसेनासा झाला. नुसता पांढरा धूर. माझ्या नवऱ्याने, सिद्धेशने, टॅक्सी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. पुढच्या सीटवर माझे सासरे होते आणि त्यांच्या मांडीवर मयेहून आणलेला आमचा चवथीचा गणपती.

"थंड इंजिनाची वाफ ती. चल!" सासरे म्हणाले.

"वाफ असती तर कधीच गेली असती, बाबा. ह्यो धूर वाढतच चाललो."

सिद्धेशने बॉनेट उघडलं. कूलंटची बाटली कोरडी. ऑइलचं झाकण काढलं तर आत दुधाळ चहासारखा फेस. धुरालाही गोडसर वास होता. "हेड गॅस्केट गेलां. पाणी इंजिनात शिरलां. आता चालू केलंय तर इंजिन जातलां."

इंजिन गेलं की आमची चूल बंद. पण मूर्तिकाराकडून उचललेला गणपती घरच्या पाटाआधी कुठेही टेकवायचा नाही, हेही खरं. "चालू कर म्हणतंय ना!" सासरे ओरडले. आमच्याकडे इंजिनाआधी पुरुष तापतात. मी येणाऱ्या गाड्यांना हात करत राहिले, पण प्रत्येकीत कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर गणपती. मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात एक जीप शेजारी येऊन थांबली. आत जयवंतकाका, सासऱ्यांचे थोरले भाऊ. विहिरीच्या पंपावरून भांडण झाल्यापासून दोघांचं बोलणं बंद. म्हणूनच यंदा पहिल्यांदा आमचा गणपती वेगळा. जीप त्यांचा मुलगा गौरेश चालवत होता आणि काकांच्या मांडीवर त्यांचा गणपती. दोघांही भावांना खाली उतरायची सोय नव्हती.

काकांची उमर डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवण्यात गेलेली. त्यांनी खिडकीतूनच विचारलं, "सिद्धेशा, धूर धवो काय काळो?"

"धवो. गोड वास मारता."

"मगे चावीक हात लावू नको. तुझो बापूस काय पण सांगूंदे!"

गौरेशने उतरून आमची टॅक्सी दोराने जीपमागे बांधली.

बंद इंजिनाच्या गाडीचा ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. उतारावर दोर सैल पडला आणि आम्ही थेट जीपवर चाललो. "देवा!" मी किंचाळले. सिद्धेश दोन्ही पायांनी ब्रेकवर उभाच राहिला. सासऱ्यांनी मूर्ती पोटाशी धरली. जीपपासून वीतभरावर गाडी थांबली.

कोरगावला आमच्या दारात गौरेशने दोर सोडला, तरी जीप हलेना. सासरे मूर्ती घेऊन पायरी चढले. आता ते मागे न बघता आत जाणार, या भीतीने माझा जीव टांगणीला लागला.

काकांनी समोर बघतच विचारलं, "आरती कितक्या वाजता?"

सासरे उंबऱ्यावर थांबले.

"तू इलंस की, दादा."