सोडलेलं पाणी

सौदीतल्या राबिघला पाऊस येतो तो घाईतल्या पाहुण्यासारखा, चपलासुद्धा न काढता निघून जातो. सफूरा दापोलीकडची. गावी तिच्या आईची शिस्त होती, पहिलं पाणी कौलांवरून जाऊ द्यायचं आणि मगच पागोळीखाली हंडा लावायचा. पण इथे पहिलं सोडलं तर दुसरं येणार कुठून? म्हणून तिने पहिल्या थेंबालाच गच्चीवर पातेली मांडली, पाणी फडक्याने गाळलं आणि बरकत म्हणून दोन वर्षांच्या अरवाला पाजलं.

संध्याकाळी नवरा घरी आला. कारखान्याशेजारच्या तिवरांच्या जंगलात पावसाचे नमुने गोळा करायची मोहियुद्दीनची नोकरी. पोरीच्या हातातल्या पेल्यात पावसाचं पाणी आहे हे कळताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने पेला हिसकावून मोरीत ओतला आणि अरवाने भोकाड पसरलं.

सफूराने खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे त्याला कंठ फुटला. धुराड्यांतलं शिसं हवेत साचतं आणि पहिल्या सरीबरोबर खाली येतं. तिवरांच्या चिखलात मुरतं, खेकड्यांत उतरतं. मग दरवेळी प्रदूषणाचा अहवाल स्वच्छ कसा? तर साहेबाचा हुकूम होता, पहिली सर जाऊ द्यायची आणि मग नमुन्याचा टब मांडायचा. मागे एकदा चुकून टब आधी मांडला गेला, तर साहेबाने तो नमुनाच फेकायला लावला होता.

सफूराच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. का जाऊ नये? आई पहिलं पाणी सोडायची ती घाण पोटात जाऊ नये म्हणून, आणि हे मेले सोडत होते ती घाण कागदावर येऊ नये म्हणून.

"तुम्ही सोडलेलं पाणी मी माझ्या पोरीला पाजलं," ती म्हणाली.

तिने उरलेल्या पाण्याचं पातेलं आणून त्याच्यासमोर आदळलं आणि नमुन्याची बाटली भरायला सांगितली. तो पुटपुटला, साहेबाने कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, कानावर घातलं की इकामा, इथला राहण्याचा परवाना, खलास, बोचकं बांधावं लागेल.

"बांधू. इकामा परत काढता येईल. हिच्या हाडांत गेलेलं शिसं काढता येईल का?"

त्याने बाटली काढली. पातेलं तिने धरलं. झाकण लावून तो चिठ्ठी चिकटवायला लागला आणि थांबला.

"साहेब विचारेल, हे तिवरांतल्या कुठल्या जागेचं?"

"सांगा, माझ्या लेकीच्या पेल्यातलं."